दहा फुटांच्या हॉलसाठी ३०० मिमी

कॅमेऱ्याच्या दुकानातले विक्रेते महोदय,

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान गेल्या वर्षी तुमच्या काउंटरपाशी आले होते. घरात तान्ही मुलगी, तिचे चांगले फोटो काढायचेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खोली केवढी आहे, उजेड कसा आहे, फोटो छापणार की मोबाइलवरच बघणार, यातलं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बजेट मात्र पहिल्याच मिनिटाला विचारलंत. मग त्या आकड्याला पुरून उरेल असा ढीग काउंटरवर मांडलात: २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर आणि बॅग.

त्या ७०-३०० चा हिशेब तुमच्यापुढे मांडतोच. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तर समोरची भिंत दहा फुटांवर येते. तेवढ्या अंतरावरून ही लेन्स ७० मिमीलाच साडेतीन फुटांहून कमी रुंदीचं दृश्य पकडते. ३०० मिमीला तर जेमतेम वीतभर. मांडीवर नात घेतलेली आजी त्यात मावत नाही. टू बीएचकेमधल्या माणसांना पक्षी आणि वाघ टिपायची लेन्स विकताना तुमची जीभ एकदाही अडखळली नाही?

संक्रांतीनंतर बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून पडणारी बोरं, चुरमुरे, गोळ्या आणि ते गोळा करायला धावलेली बिल्डिंगमधली सगळी पोरं. घरातल्या एलईडीच्या उजेडात तुमची १८-५५ लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ १६०० ठेवला तरी शटर १/२५ सेकंदाच्या आसपास अडकतं, आणि हातपाय मारणारं मूल त्या वेगाला स्थिर दिसणं शक्य नाही. म्हणून कॅमेऱ्यानं आपला फ्लॅश उघडला. चेहरे पिठासारखे पांढरे झाले आणि मागच्या भिंतीवर काळ्या सावल्या उमटल्या. फ्लॅश बंद करून काढलेल्या फोटोंत मुलीच्या जागी नुसता फराटा आहे. पहिलं बोरन्हाण परत होत नाही, महोदय.

एफ १.८ ची साधी ३५ मिमी लेन्स तुमच्याच कपाटात असणार. एफ ५.६ च्या मानानं तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. त्याच खोलीत, त्याच आयएसओला, शटर १/२५० पर्यंत जातं आणि हवेतलं बोरसुद्धा हवेतच थांबतं. दहा फुटांवरून साडेसहा फूट रुंद दृश्य मिळतं, म्हणजे आजी, आई आणि बाळ तिघीही आल्या. ७०-३०० च्या जागी ही लेन्स द्यायला हवी होती. झूम नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज होईल, असं तुम्ही म्हणाल. मग दोन पावलं पुढे जा, हे त्याला समजावून सांगायला काउंटरमागे माणूस कशाला ठेवतात?

खोक्यावरच्या २४ या आकड्यावर तुम्ही बोट ठेवलंत. सहा बाय चार इंचाच्या छापील फोटोला इंचाला ३०० बिंदू धरले तरी दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडं जास्त लागतं. ए-फोर आकाराला पावणेनऊ. त्यांच्या आल्बमसाठी हा आकडा कधीच प्रश्न नव्हता.

यूव्ही फिल्टरबद्दल थोडक्यात. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. तुमच्या स्वस्त काचेनं दिवाळीत एवढंच केलं, की प्रत्येक पणतीचं एक भूत फोटोत दुसऱ्या कोपऱ्यात उमटलं.

माझा खरा राग मात्र बॅगेवर आहे. तुम्ही म्हणालात, वापरून झालं की कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातली कापडी बॅग ओल धरते आणि लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशीचे धागे पसरतात. बुरशीनं काच कोरली की दुरुस्तीवालाही हात टेकतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यानं हे टळतं. समुद्रकाठच्या शहरात लेन्स विकता आणि हे सांगत नाही, याला मी फसवणूकच म्हणतो.

आता तो कॅमेरा कपाटात पडून आहे आणि मुलीचे फोटो मोबाइलवर निघतात. दिवसाच्या उजेडात ते छानच येतात. रात्री नाइट मोड एकामागून एक फ्रेम जोडत बसतो आणि तोवर मूल हललेलं असतं. नेमकं तेवढ्यासाठी ती दोघं तुमच्याकडे आली होती.

पुढच्या वेळी तान्हं मूल कडेवर घेतलेलं जोडपं दुकानात आलं, तर बजेटच्या आधी त्यांची खोली विचारा. दिवसाचेच फोटो काढणार असतील, तर मोबाइल पुरेल असं सांगून त्यांना घरी पाठवा. नाही तर एक बॉडी, एफ १.८ ची एक लेन्स आणि एक घट्ट डबा द्या. बाकीचं सगळं कपाटात परत ठेवा.

तुमच्या एका गिऱ्हाइकाचा भाऊ