लूजचा ट्रॅक अमळनेरलाच द्या

हिवाळी ऑलिम्पिक आलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: 'आपला देश पडला उष्ण, आपल्याला कसं जमणार?' बोलणाऱ्याच्या डोक्यातून त्या क्षणी हिमालय तेवढा गळालेला असतो. एरवी भाषणात तो उत्तरेचा पहारेकरी वगैरे असतो. पदकांचा विषय निघाला की मात्र पहारेकरी रजेवर.

म्हणून आम्ही अमळनेरकरांनी मागणी केली आहे: देशाचा पहिला लूजचा ट्रॅक इथेच व्हावा. हसू नका. लूज म्हणजे पाय पुढे करून उताणं झोपायचं आणि बर्फाच्या नळीतून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरने खाली यायचं. घसरगाडीला ब्रेक नसतो. शिवा केशवन हा मनालीजवळच्या वशिष्ठचा मुलगा १९९८ ते २०१८ अशी ओळीने सहा ऑलिम्पिक हा खेळ खेळला. सराव कुठे केला? हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, गाडीला चाकं लावून, ट्रक आणि मेंढरं चुकवत. कारण ट्रॅक मनालीला नव्हता, देशात कुठेच नव्हता. यावर आमच्या चौकातल्या एका आप्पांनी निकाल दिला, ''मनालीले बी ट्रॅक नई, आपले बी नई. मंग अमळनेर मांगे कसं?'' समान संधीचं इतकं चोख उदाहरण घटनेच्या अभ्यासकांनाही सापडायचं नाही.

उताराचा आक्षेप येईल. अमळनेर सपाट आहे, मान्य. पण तोरणमाळचा सातपायरी घाट खान्देशातलाच. ट्रक तिथेही आहेत, मेंढरांऐवजी शेळ्या चालतील.

थंडी नाही म्हणता? केळी पीकविम्याचा कागद बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पारा सलग तीन दिवस ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाई. म्हणजे खान्देशातली थंडी सरकारदरबारी नोंदलेली आहे, तिची तारीख आणि दर ठरलेला आहे. गुलमर्गच्या बर्फाला असलं संरक्षण आहे काय? २०२५ मध्ये बर्फच पडला नाही म्हणून खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. आमच्याकडे बर्फ असा ऐनवेळी दगा देत नाही. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात चला. बाहेर ४४ अंश, आणि गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी शाबूत. तो हाताला फडकं बांधतो, उलट्या ठेवलेल्या रंध्यावर लादीचा तुकडा दाबून घासतो, आणि खालच्या तळहातात भुगा पडत राहतो, एकसारखा, ना जाड ना बारीक. देहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त बर्फाचं रिंक बांधलं, स्पर्धा झाल्या आणि पुढे दहा-बारा वर्षं ते वापराविना पडून राहिलं. आता दुरुस्ती होऊन उघडलंय म्हणे. तेवढ्या काळात आमच्या गोळेवाल्याने एक हंगाम चुकवलेला नाही.

उष्ण देशांचा बाऊ तर करूच नका. जमैकाने १९८८ मध्ये कॅल्गरीला बॉबस्लेचा संघ नेला. गाडी उलटली, पण त्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला. तोच सिनेमा पंचकुलाला भरलेल्या लूजच्या शिबिरात दाखवला गेला, तो पाहणाऱ्या शाळकरी पोरांत आपला शिवा होता. म्हणजे हिमालयाच्या पोराला बर्फावर उतरायला सुचवलं कुणी, तर जमैकाने! टोंगाच्या एका पठ्ठ्याने तर एका जर्मन अंतर्वस्त्रांच्या कंपनीचं नावच स्वतःला लावून घेतलं, त्यातून खर्च भागवला आणि २०१४ मध्ये सोची गाठलं. आपल्याकडे चड्डी-बनियनच्या कंपन्यांना तोटा नाही, पण त्यांना क्रिकेटवाल्यांशिवाय कुणाच्या अंगाचं मापच माहीत नाही.

सोचीचं नाव निघालंच आहे तर आपला विक्रमही सांगून टाकतो. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकीच्या भानगडीत २०१२ च्या डिसेंबरात आपलं निलंबन झालं होतं. त्यामुळे शिवा आणि त्याचे दोन सहकारी उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून चालले. मग स्पर्धा चालू असताना इकडे घाईघाईने निवडणूक उरकली आणि ११ फेब्रुवारीला बंदी उठली. भर स्पर्धेत निलंबन मागे घेतल्याची ऑलिम्पिकच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. शिवाची शर्यत ९ तारखेलाच आटोपली होती, पण विक्रम तो विक्रम. त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला, २०२० मध्ये. तोवर तो निवृत्त झाला होता. धावपळीत पुरस्कार घेण्यापेक्षा ते बरंच.

आणि आपली पोरं काही कमी नाहीत. पुण्या-मुंबईची मुलं सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट घालून घाम गाळतात, मग लेहला जाऊन चाकांच्या जागी पातं लावतात आणि गोठलेल्या तळ्यावरून महाराष्ट्राला पदकं आणतात. ही बातमी आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी छापून येते.

तेव्हा आमचा प्रस्ताव सरळ आहे. २०२२ ला बीजिंगला आपला एकच खेळाडू गेला होता, गुलमर्गचा स्कीपटू आरिफ खान. त्याने सरावापायी लग्नाची तारीख पुढे ढकलली होती. पथक मात्र सहा जणांचं होतं. खेळाडू काश्मीरने द्यावा, त्याला आमची ना नाही. उरलेले पाच अमळनेर देईल. मॅनेजरच्या जागेसाठी नावं यायलाही लागली आहेत. दोघांनी पासपोर्टचे फोटो काढून ठेवले, एकाने दौऱ्याचा भत्ता रोज किती असतो ते विचारलं, आणि एक ग्रामपंचायत सदस्य स्वेटर सरकारी मिळणार की घरचा न्यायचा, एवढं लेखी मागतोय.