सीलबंद दादा

आमच्या दादाच्या घरी चोर शिरला, तर त्यानं आधी हात धुवावेत आणि मगच कपाटाला हात लावावा, एवढीच दादाची अपेक्षा असेल. मी तर पाहुणा. माझे दोनदा धुवून घेतले.

दादा माझा आतेभाऊ. मूळचा सांगलीचा, आता व्हँकुव्हरजवळ बर्नबीला असतो. तळघरातल्या खोलीत त्याचं काचेचं कपाट आहे. आत दीडएकशे व्हिडिओ गेम, आणि एकाचंही सील फुटलेलं नाही. मधल्या कप्प्यात, अॅक्रिलिकच्या पेटीत, 'रेट्रो सिटी रॅम्पेज'.

"खेळायला कसा आहे रे?" मी विचारलं.

"खेळायला?" दादा म्हणाला, आणि थोडा वेळ काही बोललाच नाही.

मग मात्र सुटला. ब्रायन प्रोव्हिन्सियानो नावाचा माणूस, "आपला व्हँकुव्हरचाच". 'ग्रँड थेफ्ट ऑटो थ्री'सारखा अवाढव्य खेळ जुन्या ८-बिट निन्टेंडोत कोंबायचं यानं 2002 च्या सुमारास डोक्यात घेतलं. वाड्यातलं लग्न काडेपेटीत लावण्यातला प्रकार. शेवटी नक्कल सोडून त्यानं स्वतःचंच शहर उभं केलं, थेफ्ट्रोपोलिस. नायकाचं नाव नुसतंच 'प्लेयर'. सगळं वरून पाहिलेलं, चौकोनी ठिपक्यांचं. गाड्या पळवायच्या, लोकांना उडवायचं, पोलिस आले की धूम ठोकायची. बहुतेक काम एकट्यानं रेटलं आणि 2012 साली खेळ बाजारात आणला.

हे सगळं दादा अशा तोंडानं सांगत होता, जणू त्या दरोड्यांत तो जातीनं हजर होता. मला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक आहे. सांगलीच्या सायबर कॅफेत अख्ख्या वर्गातली पोरं 'व्हाइस सिटी'त रणगाडे काढून गावं पेटवायची, तेव्हा हा टॅक्सीत बसून उतारू पोचवायचा. सिग्नल लाल दिसला की थांबायचा. मागून पोरं शिव्या घालायची, आणि तास संपला की हा जवळच्या बाकावर बसून मिळकतीचा हिशेब करायचा. खेळातल्या.

तोच हिशेब आता मोठा झालाय. जुलै 2021 मध्ये 'सुपर मारिओ 64'ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. तो आकडा दादाला पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे. सील म्हणजे पातळ प्लॅस्टिक, पण दादा भिंगातून त्याच्या घड्या पाहतो, कारण फोडलेला खेळ पुन्हा गुंडाळून खपवणारेही असतात. बुटांच्या खोक्यांतल्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या तो जमवतो आणि कपाटात ठेवतो.

"मग विकून टाका की एखादा," वहिनी म्हणते.

"अजून वेळ आली नाही."

वहिनीनं ही वेळ यायची वाट पाहत स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम तीन वर्षं पुढं ढकललंय.

खरी कमाल पुढच्या कप्प्यात. 2015 मध्ये प्रोव्हिन्सियानोनं हाच खेळ जुन्या डॉस संगणकांसाठी काढला, एका 1.44 एमबीच्या फ्लॉपीत मावणारा. दादानं दोन फ्लॉप्या घेतल्या. एक ठेवायला, आणि एक, ती खराब झाली तर ठेवायला. घरात फ्लॉपी लावायला यंत्र नाही. त्यात फ्लॉपीवरचं चुंबकी लिखाण नुसतं पडून राहूनही पुसट होऊ शकतं. म्हणजे आत खेळ उरलाय की नाही, हे बघायला सील फोडावं लागणार, आणि फोडलं की किंमत गेली. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा गंभीरपणे म्हणाला, "म्हणूनच फोडत नाही."

वरच्या मजल्यावर त्याच्या चिरंजीवांनी हाच खेळ चार-पाच डॉलरांत डाउनलोड करून घेतलाय. एकदा दादा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. आपल्या कपाटात काय आहे, ते पहिल्यांदाच बघत होता बिचारा.

"अरे, फुटपाथवर माणसं आहेत!" एवढंच म्हणाला आणि खाली गेला.

यंदा आत्या सहा महिन्यांसाठी आली. आता कपाटाचा निकाल लागणार, म्हणून वहिनी खुशीत होती. पण आत्याच्या सांगलीच्या शोकेसमधला कपबश्यांचा सेट तिच्या लग्नातला आहे, आणि त्यातून अजून कुणी चहा प्यायलेला नाही. टीव्हीचा रिमोट आठ वर्षं कंपनीच्या पिशवीतूनच दाबला जातो. वहिनीला हे तेव्हा आठवलं नाही.

आत्यानं हात धुतले. कपाटापुढे उभी राहून एकेक खोकं पाहिलं. शेवटी विचारलं, "उघडलं नाहीस ना रे?"

"एकही नाही."

"शहाणा आहेस. कोणी पाहुणे आले की काढ."

दुसऱ्या दिवशी अॅक्रिलिकच्या पेटीवर क्रोशाचा पांढरा रुमाल होता.

"ऊन लागत नाही गं त्यानं," दादा वहिनीला म्हणाला. त्या तळघराला खिडकी नाही.