फोर बाय फोर आणि वस्तीची एसटी

कोकणात ऑफरोडिंगला निघालेल्या मंडळींचं एक कळत नाही. खडतर वाटेचीच हौस असेल तर मुंबई-गोवा महामार्ग आहे की! रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून खड्डे, वळसे, धूळ, सगळी सोय सरकारी खर्चाने. पण नाही. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि वेळासच्या अलीकडे-पलीकडे ‘कुणालाच ठाऊक नसलेला’ किनारा शोधायचा. तिथल्या गावकऱ्यांना तो ठाऊक असतो, पण ते मोजदादीत येत नाहीत.

गाडीचा थाट काय वर्णावा! टपावर तंबू, दाराला फावडं, बॉनेटशेजारी स्नॉर्कल. वाटेतल्या वहाळाला पाणी घोटाभर. जांभ्याच्या उतारावर सगळे खाली उतरून मोहिमेचा व्हिडिओ काढत असतात, तेवढ्यात मागून वस्तीची एसटी हॉर्न देते. बाजू द्यावीच लागते. एसटी नेहमीसारखी पुढे निघून जाते. खिडकीतल्या आजींची डुलकीही मोडत नाही.

मग गाडी थेट पुळणीवर. नोव्हेंबर ते मार्च तिथे कासवं अंडी घालतात, हे माहीत असतं. त्यांच्यासाठीच तर आलो, असंही सांगतात. टायरची हवा कमी करायची राहते. तिथी बघायची राहते. नेमकी पौर्णिमा असते, उधाण येतं आणि चारही चाकं एकमताने रुततात.

बाहेर काढायला गावातला ट्रॅक्टर येतो. तो टू-व्हील ड्राइव्ह असतो.