मानाचे प्रवासी

विमान कंपन्या विमानं चालवतात, हा गैरसमज आता सोडून द्यायला हरकत नाही. विमान हे त्यांच्या धंद्यातलं लोढणं आहे. ते इंधन पितं, धुक्यात अडकतं आणि मोठ्या पगाराचे वैमानिक मागतं. खरा धंदा मानाचा. आपल्यामागे रांगेत वीस-पंचवीस माणसं ताटकळत उभी आहेत, हे पाहून पोटात जो गारवा पसरतो, तो सुट्ट्या मापात विकायचा.

पटत नसेल तर २०२० चा जून महिना आठवा. करोनाने जगभरची विमानं जमिनीवर आणली होती. युनायटेड एअरलाइन्स कर्ज काढायला निघाली, तेव्हा तिने तारण म्हणून विमानं नव्हे, तर ‘मायलेजप्लस’ ही आपली मैलांची योजना पुढे केली. त्यावर तिला ६.८ अब्ज डॉलर उभे करता आले. योजनेची किंमत ठरली सुमारे २२ अब्ज डॉलर. त्याच वेळी अख्ख्या कंपनीचं शेअर बाजारातलं मोल त्याच्या आसपासही नव्हतं. म्हणजे हिशेब मांडला तर विमानं, हँगर, नोकरचाकर या सगळ्याची मिळून किंमत शून्याच्या खाली. पाठोपाठ डेल्टाने आणि अमेरिकन एअरलाइन्सने तेच केलं. अब्रू गहाण टाकून एवढी रक्कम मिळते, हे आपल्याकडच्या एका हौशी विमानमालकाला वेळेवर कळलं असतं, तर त्याला ती फुकट घालवून परदेशी जावं लागलं नसतं.

ही सगळी माहिती मला आमच्या दाजींमुळे झाली. दाजी राहतात पुण्यात, बाणेरला. अर्थात ‘राहतात’ हे आपलं बोलायचं. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला द्यायला ते सतत कुठे ना कुठे उडत असतात आणि एका विमान कंपनीत ते ‘गोल्ड’ आहेत. आमच्या घरात मात्र ते लग्नाच्या दिवसापासून जावई आहेत. पहिलं पान त्यांचं, गरम पुरी त्यांची, पाटाभोवतीची रांगोळी त्यांची. हा दर्जा आजीव आहे. ‘यंदा आपल्या फेऱ्या कमी पडल्या, सबब येत्या दिवाळीपासून आपण सिल्व्हर,’ असं आमच्या आईने त्यांना कधी पत्र पाठवलं नाही. कदाचित म्हणूनच त्यांना या मानाची किंमत वाटत नसावी. जो मान दरवर्षी हिसकावून घेतला जाऊ शकतो, त्याच्यासाठीच माणूस जिवाचं रान करतो.

हे शास्त्र अमेरिकनने शोधलं असं नाही, पण नीट बसवलं तिनेच. १ मे १९८१ रोजी तिची ‘अॅडव्हान्टेज’ योजना सुरू झाली. आपली नेहमीची गिऱ्हाइकं कोण, हे तोवर कंपनीला धड ठाऊक नव्हतं. मग आरक्षणाच्या ‘सेबर’ या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर हुडकून यादी केली गेली. अमुक मैल उडा, एक तिकीट फुकट, इतका साधा मामला होता. काही दिवसांत युनायटेडने तेच केलं, मग इतरांनीही. मैल सगळ्यांकडेच झाले म्हटल्यावर उतरंड आली. चांदी, सोनं, प्लॅटिनम अशी मूलद्रव्यं वापरून संपली, तेव्हा कुणी हिऱ्यावर गेलं. आता त्याच्याही वर एक मजला आहे. अमेरिकनच्या ‘कन्सीयर्जकी’ दर्जासाठी अर्ज नाही, जाहीर अट नाही. वरून बोलावणं यावं लागतं. खालच्या पायऱ्यांवरची माणसं एकमेकांना दबक्या आवाजात विचारतात, ‘तुम्हाला आलं का?’

लुफ्तान्साच्या शिखरावरच्या मंडळींना ‘ऑन सर्कल’ म्हणतात. फ्रँकफर्टला त्यांच्यासाठी आणि फर्स्ट क्लासवाल्यांसाठी स्वतंत्र इमारत आहे. तिथून विमानाच्या शिडीपर्यंत मोटारीने नेऊन सोडतात. त्या इमारतीत न्हाणीघरं आहेत आणि अंघोळीच्या टबासाठी रबरी बदकं मिळतात. या बदकांचे नवनवे अवतार निघतात आणि जग हलवणारी, कोटीकोटींचे करार करणारी माणसं ती जमवतात. नातवंडांसाठी नव्हे, स्वतःसाठी. मानवाने उड्डाणाचं स्वप्न पाहिलं, राइट बंधूंनी ते पुरं केलं आणि शेवटी हाती काय लागलं, तर पिवळं बदक. (दाजींकडे अजून एकही नाही. हा विषय त्यांच्यापुढे काढत नाहीत.)

दर्जाचं वर्ष संपत आलं की दाजींची झोप उडते. ‘थोडक्यात हुकतंय रे,’ असं म्हणत ते मोबाइलवर खालीवर करत बसतात. मग एका शनिवारी पहाटे लोहगाव गाठून, दिल्लीमार्गे कोलकात्याला जाऊन रात्री परत येतात.

‘कोलकात्यात काय केलंत, दाजी?’

‘उतरलो.’

‘मग?’

‘चढलो.’

एकट्या दाजींनाच हे वेड आहे असं समजू नका. या प्रकाराला ‘मायलेज रन’ असं रीतसर नाव आहे. कुठेही न जाण्यासाठी सर्वांत लांबचा रस्ता कोणता, याची गणितं मांडणारे विद्वान जगभर आहेत. ताईचं मत वेगळं पडतं. ती म्हणते, ‘एवढ्या फेऱ्या पर्वतीला मारल्या असत्या तर शुगर तरी उतरली असती.’

पण आता उडण्याचीही गरज उरलेली नाही. २०२२ पासून अमेरिकनमध्ये क्रेडिट कार्डावरच्या खरेदीचे गुणसुद्धा दर्जासाठी धरतात. दोन लाख गुण झाले की माणूस ‘एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम’. मग तो विमानात बसला की वाण्याच्या दुकानात, याची चौकशी नाही. डेल्टाला २०२४ या एका वर्षात अमेरिकन एक्स्प्रेसकडून सात अब्ज डॉलरहून अधिक मिळाले, कारण बँका हे मैल घाऊक भावाने विकत घेतात आणि गिऱ्हाइकांना किरकोळीत वाटतात. आपणच छापायचे, आपणच त्यांचा भाव ठरवायचा आणि वाटेल तेव्हा तो उतरवायचा, असं हे चलन आहे. रिझर्व्ह बँकेलाही इतकी मोकळीक नाही.

भक्तांनीही या चलनाचा मान राखला. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरच्या लक्षात आलं, की पुडिंगच्या डब्यांवरच्या लेबलांवर मिळणारे मैल पुडिंगपेक्षा महाग आहेत. त्याने सुमारे १२ हजार डबे विकत घेतले आणि बारा लाखांहून जास्त मैल कमावले. एवढी लेबलं सोलणार कोण? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं आणि त्या बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. दानाचं पुण्यही पदरात पडलं. पुढे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने एक डॉलरची नाणी खपावीत म्हणून ती कार्डावर, घरपोच, टपालखर्चाशिवाय द्यायला सुरुवात केली. चाणाक्ष मंडळींनी पेट्याच्या पेट्या मागवल्या, न उघडता बँकेत भरल्या, त्याच पैशांतून कार्डाचं बिल फेडलं आणि मैल खिशात घातले. २०११ मध्ये टांकसाळीला कार्ड घेणं बंद करावं लागलं. नाणी चलनात आलीच नाहीत, पण माणसं हवाईला जाऊन आली.

दाजींची झेप तेवढी नाही, पण कुळ तेच. हॉटेलात बिल आलं की ते झडप घालतात. आधी आम्हाला वाटायचं, काय दिलदार माणूस! मग टेबलावरूनच प्रत्येकाच्या फोनवर ‘तुझे सातशे चाळीस’ असा निरोप येतो. सोसायटीत कुणाचा फ्रिज बिघडला की दाजींचा चेहरा उजळतो. ‘नवा घे, माझ्या कार्डावर घे.’ भाचीच्या लग्नाचा हॉल, चुलत्यांचा विमा, समोरच्यांच्या मुलाची कॉलेजची फी, सगळं दाजींच्या कार्डावरून जातं. परोपकार म्हणावा तर आहे, पण त्याला दर शंभर रुपयांमागे गुण आहेत.

एकदा त्यांनी मला पाहुणा म्हणून लाउंजमध्ये नेलं. दारात रांग. साध्या डेबिट कार्डावरही लाउंज मिळू लागल्यापासून बँकेतला कारकून, त्याची आई, त्याची दोन पोरं, सगळे दोन रुपयांच्या स्वाइपवर उपमा खायला हजर असतात. मला तर हे फार लोकशाहीचं वाटलं. दाजींचा चेहरा मात्र उतरला. ‘पूर्वी इथे शांतता असायची,’ ते म्हणाले. उपमा पूर्वीही असाच होता का, हे विचारायचं मी टाळलं. उपम्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. तो आता कुणीही खातं, हे त्यांचं दुःख होतं.

अमेरिकेत या दुःखावर इलाज निघाला आहे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये चढणाऱ्यांचे नऊ गट असतात. पाचव्या गटातला तिसऱ्यात घुसू लागला, की २०२४ पासून तिथलं यंत्र आवाज करतं आणि त्याला चारचौघांत मागे पाठवतात. पुढे घुसणाऱ्यांना तिकडे ‘गेटवरच्या उवा’ म्हणतात. शेवटी सगळ्यांना एकाच नळकांड्यात बसायचं असतं आणि ते सगळ्यांना घेऊन एकाच वेळी उतरतं, पण हे दाजींना सांगून उपयोग नाही. ‘सामान ठेवायला जागा मिळते,’ असं त्यांचं शास्त्रीय उत्तर तयार असतं. दाजींकडे सामान म्हणजे एक लॅपटॉप.

आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये जन्मला. बॉबी कुका यांची कल्पना, उमेश राव यांचं रेखाटन. छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून प्रवाशाचं स्वागत करायचं, हे त्याचं काम. आता कंपनीच्या योजनेचंच नाव ‘महाराजा क्लब’ आहे. प्रवाशालाच महाराजा केल्यावर वाकायचं कामही ओघाने त्याच्याकडेच आलं.

आणि कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. विमानं गेली, वैमानिक गेले, पगार थकले. योजना मात्र वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. त्याच वर्षी तिचं ‘इंटरमाइल्स’ असं बारसं झालं आणि ती पुढे चालू राहिली. जेट अवसायनात काढण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. जेट उडत होती तेव्हा दाजी तिचेही प्लॅटिनम होते. ते कार्ड अजून त्यांच्या पाकिटात, बालाजीच्या फोटोमागे असतं. विमान नसलेल्या विमान कंपनीत आपण सर्वांत पुढच्या रांगेत आहोत, हे सुख काही औरच असणार.

राहता राहिला प्रश्न जमवलेल्या मैलांचं करायचं काय, हा. माझी भाची, म्हणजे ताई-दाजींची लेक, म्युनिकला शिकते. ताई-दाजींनी यंदा मैलांवर बिझनेस क्लासने तिच्याकडे जायचं ठरवलं. मैल दोघांना पुरून उरतील इतके होते, पण संगणकावर जागा मात्र दिसली एकच. दाजींनी ती तात्काळ ताईच्या नावाने काढली. आम्हाला भरून आलं. खरं कारण नंतर कळलं. बऱ्याच योजनांत मैलांवर काढलेल्या तिकिटाचं दर्जाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. फुकटच्या प्रवासात सहा-सात हजार किलोमीटर वाया घालवणं दाजींच्या तत्त्वात बसेना. त्यांनी त्याच विमानाचं, रोख पैसे मोजून, मागचं तिकीट काढलं.

तर म्युनिकच्या वाटेवर, कॅस्पियनच्या आसपास कुठेतरी, आमची ताई पाय पसरून झोपण्याच्या बेतात होती आणि दाजी मधल्या खुर्चीत दोन पैलवानांच्या मध्ये बसून खात्यात किती भर पडणार याचा हिशेब करत होते. तेवढ्यात पडद्याआडून हवाई सुंदरी आली. त्यांच्यापाशी वाकून, नाव घेऊन, अगदी अदबीने तिने विचारलं, ‘सर, पुढच्या मॅडमनी विचारलंय, बीपीची गोळी घेतली का?’