हाकला, पण पैसे मोजून

नोकरीवरून काढलं की घरावर अवकळा येते, असा आपला समज. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हाकललेला प्रशिक्षक पेढे वाटत असावा. करार मुदतीआधी मोडला तर उरलेल्या वर्षांचे पैसे विद्यापीठाने मोजायचे, अशी तिकडची रीत. याला कायद्याच्या भाषेत काहीही म्हणोत, आपण सरळ पोटगी म्हणू.

केंटकी विद्यापीठाचे जॉन कॅलिपारी घ्या. 2012 साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. 2019 साली विद्यापीठाने त्यांच्याशी 10 वर्षांचा, 8 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. वर्तमानपत्रांनी त्याला 'आजन्म करार' म्हटलं. आजन्म म्हणजे किती, तर पाच वर्षं. मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात केंटकी ओकलंड विद्यापीठाकडून 80-76 असं हरलं. हे ओकलंड कॅलिफोर्नियातलं नव्हे, मिशिगनमधलं. केंटकीच्या अनेक चाहत्यांना हा भूगोल त्याच रात्री कळला असणार. ओकलंडच्या जॅक गोल्कीने तीन-तीन गुणांचे दहा बास्केट मारले. त्यांचे प्रशिक्षक ग्रेग कॅम्पी 1984 पासून त्याच खुर्चीत होते, चाळिसावा हंगाम! त्यांना काढायचं बहुधा कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सकाळी केंटकीतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर एकेक बास्केटबॉलतज्ज्ञ उभा होता आणि सगळ्यांचं निदान एकच: कॅलिपारींना घालवा. पण पोटगीचा आकडा होता 3 कोटी 30 लाख डॉलरच्या घरात. आपल्याकडचे पावणेतीनशे कोटी रुपये. आकडा पाहताच क्रीडा संचालकांचा प्रशिक्षकावरचा विश्वास दृढ झाला आणि कॅलिपारीच राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. जेमतेम दोन आठवड्यांत कॅलिपारी आपल्या पायांनी चालत अर्कान्सासला गेले. संचालकांना एवढा सुखाचा काडीमोड क्वचितच लाभतो.

एका वर्षाने काय झालं? मार्च 2025 मध्ये कॅलिपारींचं अर्कान्सास शेवटच्या सोळांत पोचलं. नवे प्रशिक्षक मार्क पोप यांचं केंटकीही शेवटच्या सोळांतच पोचलं. दोघंही तिथेच बाद झाले. केंटकीला हरवलं टेनेसीने, आणि टेनेसीचे प्रशिक्षक होते रिक बार्न्स, ज्यांना टेक्सस विद्यापीठाने 17 हंगामांनंतर 2015 साली नारळ दिला होता. बार्न्स नकोत म्हणून टेक्ससने शाका स्मार्ट आणले, मग ख्रिस बिअर्ड, मग रॉडनी टेरी. बार्न्स टेनेसीत केंटकीला गार करत होते त्याच महिन्यात टेक्सस टेरींना काढून शॉन मिलर यांना हार घालत होतं.

हे सगळं लहरीवर चालतं असं मात्र कोणी समजू नये. मूल्यमापन अतिशय शास्त्रीय आहे. 2018 पासून संघांची 'नेट' नावाची क्रमवारी आहे. तिच्या आधारे प्रत्येक सामना चारांपैकी एका गटात टाकतात. घरच्या मैदानात पहिल्या तिसांपैकी कोणाशी खेळलात तर तो सामना पहिल्या गटातला, तटस्थ मैदानात पहिल्या पन्नासांपैकी आणि परक्या मैदानात पहिल्या पंचाहत्तरांपैकी. म्हणजे तुम्ही नोव्हेंबरात ज्यांना हरवलंत ते फेब्रुवारीत ढेपाळले, तर तुमचाही विजय मागाहून आंबतो. चार महिने हे गणित चालतं. मग मार्चमध्ये 68 संघांची स्पर्धा, एक हरलात की घरी, आणि सगळं गणित चाळीस मिनिटांत पुसलं जातं. प्रशिक्षकाबाबत अखेरचा निर्णय घेतो तो देणगीदार, ज्याच्या नावाची पाटी नव्या सराव-संकुलावर आहे.

निर्णय झाला की शोध. शोधासाठी सल्लागार कंपनी नेमतात आणि तिचे पैसे वेगळे. चाहते तोवर खासगी विमानांचे मार्ग संगणकावर न्याहाळत बसतात. विद्यापीठाच्या गावाहून एखादं विमान भलतीकडे उडालं की तिकडचा प्रशिक्षक ठरलाच. निवडून आलेला गृहस्थ पत्रकार परिषदेत सांगतो की हीच माझी स्वप्नातली नोकरी. आधीच्या विद्यापीठातही तो हेच बोलला होता, पण स्वप्नं काय, रोज पडतात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना जर्सी सिटीची नेवार्क ॲव्हेन्यू ठाऊक असेल, देशी किराणा आणि डोशांची. तिथून जवळच सेंट पीटर्स नावाचं छोटंसं विद्यापीठ आहे. 2022 साली त्यांच्या पंधराव्या मानांकनाच्या संघाने आधी कॅलिपारींच्या केंटकीला लोळवलं आणि मग थेट शेवटच्या आठांत धडक मारली. पंधरावं मानांकन घेऊन तिथवर कोणीच गेलं नव्हतं. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे देशाचे लाडके झाले आणि त्याच आठवड्यात सीटन हॉलला रुजू झाले. 2024-25 च्या हंगामात सीटन हॉल 32 पैकी 25 सामने हरलं. माणूस तोच, डोकं तेच. 2022 ची अक्कल तीन वर्षांत कुठे वितळली, हे 'नेट' सांगत नाही.

या क्षेत्रातलं तीर्थक्षेत्र मात्र इंडियाना विद्यापीठ. बॉब नाइट यांनी तिथे तीन विजेतेपदं आणली, भर सामन्यात खुर्चीही भिरकावली, आणि 2000 साली त्यांची हकालपट्टी झाली. तेव्हापासून प्रशिक्षक आले, गेले. विजेतेपद आलं नाही. केल्विन सॅम्पसन 2008 साली गेले ते शाळकरी खेळाडूंना नियमापेक्षा जास्त फोन केल्याच्या प्रकरणात, तरी जाताना साडेसात लाख डॉलर मिळाले. पुढे त्यांनीच ह्यूस्टनला 2025 च्या अंतिम सामन्यात नेलं. आर्ची मिलर यांना 2021 मध्ये, कोविड चालू असताना, काढलं. पोटगी एक कोटी डॉलरच्या वर. विद्यापीठाने तत्परतेने खुलासा केला की हा पैसा खासगी देणगीदारांचा आहे. विद्यादान श्रेष्ठ म्हणतात. इथे एका माणसाने शिकवू नये म्हणून दान झालं. त्यानंतर माइक वुडसन आले, 2025 मध्ये गेले, डॅरियन डेव्रीज आले.

हा आजार कॉलेजांपुरता नाही. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक संघाच्या मालकगटाचे प्रमुख आहेत. त्यांच्या संघाने डिसेंबर 2014 मध्ये माइक मलोन यांना ऐन हंगामात घरी पाठवलं. मलोन यांनी 2023 साली डेन्व्हरला विजेतेपद जिंकून दिलं. मराठी माणसाला धंद्यात घाई नसते, हा आरोप तरी रणदिवे यांनी खोडून काढला. (डेन्व्हरनेही मलोन यांना एप्रिल 2025 मध्ये काढलं.)

आता काही मागासलेली विद्यापीठं पाहू. ड्यूकमध्ये माइक शशेफ्स्की यांनी पहिल्या तीन हंगामांत 38 सामने जिंकले आणि 47 हरले. देणगीदार खवळले. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी 1984 मध्ये त्यांचा करार वाढवून दिला. पुढे पाच विजेतेपदं. आजच्या नियमाने बटर्स यांनाच आधी काढलं असतं.

स्पर्धेच्या इतिहासात 2024 पर्यंत सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरण्याची नामुष्की पहिल्या मानांकनाच्या दोनच संघांवर आली. 2018 मध्ये व्हर्जिनिया आणि 2023 मध्ये पर्ड्यू. व्हर्जिनियाने टोनी बेनेट यांना ठेवलं. 2019 मध्ये ते राष्ट्रीय विजेते. पर्ड्यूने मॅट पेंटर यांना ठेवलं. 2024 मध्ये ते अंतिम सामन्यात. कोणालाही पोटगी द्यावी लागली नाही, एकही सल्लागार नेमला गेला नाही, एकही विमान उडालं नाही. असल्या अरसिकपणाने अर्थव्यवस्था कशी चालायची?

इंडियानाच्या उदार देणगीदारांना म्हणूनच एक नम्र विनंती. पुढच्या मार्चमध्ये चेकबुक उघडण्याआधी पर्ड्यूच्या कचेरीत एक फोन करून बघा. पर्ड्यू तुमच्याच राज्यात आहे. फोनचा धसका तुम्हाला सॅम्पसन यांच्यापासून आहे हे मान्य, पण एका फोनला नियमांची हरकत नाही आणि एक कोटी डॉलरच्या मानाने तो बराच स्वस्त पडेल.