अण्णा, ते पाच चषक भूमला कधी आणताय?



पत्र जाहीर लिहितोय, कारण भट्टीवर तुमच्यापुढे आमचं तोंड उघडायच्या आत खवा तयार होतो. परवा कढईत उलथणं फिरवता फिरवता तुम्ही सांगून टाकलंत की फुटबॉलमध्ये एके काळी भूमचा हात धरणारं कुणी नव्हतं. दूध तळाला लागायला आलं तरी तुम्ही थांबला नाहीत. मग रद्दीच्या कागदावर पाच पेढे मांडलेत: १९५०, ५१, ५२, ५३, ५४. हैदराबाद सिटी पोलिसांनी सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक मारला, भूम तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून पाचही चषक आपले. हिशेब चोख आहे. (पेढे मात्र तुम्हीच खाल्लेत. ५४चा अर्धा तेवढा माझ्या वाट्याला आला.)

पण अण्णा, दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला कडक इस्त्रीत पहिले हजर तुम्हीच असता. निजामाचं राज्य कसं गेलं हे सांगताना तुमचा आवाज असा चढतो की चहावाला पोरगा कपबशी खाली ठेवतो. आणि पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं होत नाहीत तोच त्या हैदराबादचे पोलीस तुमची ‘आपली पोरं’ कशी झाली? शिवाय काकूंचं माहेर बार्शीचं. बार्शी पहिल्यापासून मुंबईकडची. म्हणजे आपण काकूंच्या माहेरच्या अंगणातून पाच वेळा चषक उचलून आणला. हे घरी सांगितलंत का?

खरी गंमत पुढे आहे. आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळेंनी २०२० साली अर्जुन पुरस्कार इथे आणला. पण त्याच्या कितीतरी आधी, १ नोव्हेंबर १९५६ला, अख्ख्या भूमला खो मिळाला होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण हैदराबादेतून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो. आता संतोष ट्रॉफीचा कागद काढा. १९५४-५५ला मुंबईने ती जिंकली, तेव्हा आपण हैदराबादेत. १९५६-५७च्या अंतिम सामन्यात हैदराबादने मुंबईला ४-१ असं धुतलं, आणि आपण नेमके मुंबईत! पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघे समोरासमोर, पुन्हा हैदराबाद, ३-१. एसटी बदलून बसावं आणि मागची गाडी पुढे निघून जावी, तसलं नशीब आपलं. तुम्ही मात्र जिंकलेल्या वर्षी हैदराबादी आणि एरवी महाराष्ट्राचे. १९६३-६४ला महाराष्ट्राने ट्रॉफी घेतली, तीही तुम्ही परवा सहाव्या पेढ्याला जोडणार होतात. मी पुडी झाकली म्हणून वाचली.

तरीही तुमची बाजू अगदीच पडू द्यायची नाही, म्हणून एक तडजोड सुचवतो. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. भूम मुंबई राज्यात येऊन जेमतेम महिना झालेला. त्या दिवशी नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत ४-२ जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई तो. मूळ गोव्याचा, खेळायचा मुंबईत. आणि संघाचे प्रशिक्षक कोण, तर सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तुमचे ते हैदराबादी पोलीस तयार झाले तेच रहीमसाहेब. सहा वर्षांनी जकार्ताला कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्णपदक आणलं तेही त्यांनीच. परवा अजय देवगणचा ‘मैदान’ पाहून तुम्ही रुमाल काढलात, तो त्यांच्यासाठीच ना? तेव्हा या एका सामन्याच्या सातबाऱ्यावर आपली दोघांचीही नावं लावू: गोल माझ्याकडे, डोकं तुमच्याकडे.

त्याच ऑलिंपिकात पुढे युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ आणि ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं. ते दोन सामने बार्शीच्या नावावर टाकू.

उद्या सकाळी भट्टीवर येतो. कागदावर एकच पेढा मांडा, पण मोठा. आणि बार्शीचं तेवढं काकूंच्या कानावर जाऊ देऊ नका.

आपला,
५४च्या अर्ध्या पेढ्याचा मालक