भाऊंचा किनारा

एका दिवसात विजयदुर्ग ते मालवण. स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाईड, मनाला येईल तिथे थांबायचं, असं फोनवर ठरलं होतं. त्यातलं मनाला येईल तिथे थांबण्याचं शंभर टक्के पाळलं गेलं. मन कोणाचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

कणकवलीच्या लॉजसमोर सकाळी गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर आणि गाईड एकच होते. "माका सगळे भाऊ म्हणतत. तुम्ही पण म्हणा," असं सांगून त्यांनी आमच्या बॅगा मागे ठेवल्या. मागे आधीपासून एक भरलेला गॅस सिलिंडर, तांदळाचं अर्धं पोतं आणि सुतळीने बांधलेलं पत्र्याचं कपाटाचं दार होतं. "वाटेतच द्यायचं आहे," भाऊ म्हणाले. ही वाट आमच्या सहलीला सोयीची नव्हती, तर आमची सहल त्या वाटेला सोयीची होती, हे कळायला पडेल कॅन्टीनपर्यंत जावं लागलं. तिथे पोतं उतरलं आणि त्या जागी भाऊंच्या चुलतबहिणीची नणंद बसली. तिला जामसंड्याला जायचं होतं. आम्ही आधी विजयदुर्गला जाऊन मग जामसंड्याला येणार, हे तिला भाऊंनी सांगितलं. "मग किल्लो बघतंय मी पण, बरेच दिवस बघूक नाय," असं म्हणून ती आत्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या आणि बायकोचे थोरले बंधू बापू. आत्याला कळस दिसला की गाडी थांबवावी लागते. बापू आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांना चुकीचं विधान ऐकलं की थांबवत नाही. कोकण दोन्ही बाबतींत समृद्ध आहे.

विजयदुर्गला गाडी उभी करण्याआधीच भाऊंनी तोफ डागली. "हेलियम वायू खंय सापडलो, सांगा बघू? ह्या किल्ल्यार! अठराशे अडुसष्ट साली."

"फुग्यात भरतात तो?" आत्याने विचारलं.

"तोच आये. आमच्या गावचो."

बापू गाडीतून पूर्ण उतरलेही नव्हते. एक पाय दारात, एक जमिनीवर, अशा अवस्थेत त्यांनी सुरुवात केली. 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. इंग्रज लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. त्याला ती पिवळी रेघ ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय दिसली. लॉकयर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला. "आणि तोवर रॅमसेने 1895 सालीच पृथ्वीवर हेलियम वेगळा काढला होता. म्हणजे लॉकयर इथे बसला तेव्हा तुमचा हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं झाली होती."

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते आम्हाला किल्ल्यातल्या त्या दगडी ओट्यांपाशी घेऊन गेले. यांवर साहेबाने दुर्बिणी मांडल्या म्हणून गाव त्यांना साहेबाचे ओटे म्हणतं, आणि दर 18 ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो. भाऊंनी ओट्यावर दोनदा हात थोपटला.

"हे ओटे काय गुंटूरला आहेत?"

या प्रश्नाला फिजिक्समध्ये उत्तर नाही. बापू गप्प झाले. तेवढ्यात भाऊंनी दुसरं काढलं. शिलाहारांच्या वेळेपासूनचा हा किल्ला, जुनं नाव घेरिया. महाराजांनी तो घेऊन तिहेरी तटाचा केला. कान्होजी आंग्र्यांच्या आणि पुढे तुळाजीच्या काळात इथल्या गलबतांना बघून फिरंग्यांची पाचावर धारण बसायची. "आणि 1756 साली वॉटसन आणि क्लाइव्ह इले, सगळा आरमार जाळल्यानी. त्यांका बोलावल्यानी कोणी?"

आम्ही समुद्राकडे बघू लागलो.

"तुमच्या नानासाहेब पेशव्यांनी. तुम्ही पुण्याचे मां?"

या वेळी साल बरोबर होतं, नावं बरोबर होती. बापूंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अचूक विधानाबद्दल नाराजी दाखवली. पुढचा अर्धा तास आम्ही चौघे तटावरून अशा बेताने फिरलो की जणू आरमार आमच्याच खिशातल्या काडेपेटीने पेटलं असावं. नणंदबाईंनी जाता जाता समजूत घातली, "जावंदे, आता काय उपयोग."

किल्ल्याखालची वाघोटण खाडी मात्र मनसोक्त बघायला मिळाली, कारण भाऊंना कोणाचा तरी फोन आला होता. "खंय हस रे? ... होय, माणसा हत माझ्याबरोबर. पुण्याची. ... नाय नाय, तशी बरी हत." खासगी गाईड घेतल्याचा खरा फायदा हा, की आपल्याबद्दलचं मत आपल्याला ताजं ताजं कळतं.

गिर्यातल्या रामेश्वराला डोंगर फोडून केलेल्या वाटेने उतरलो, आत्याचं समाधान झालं, आणि गाडी सड्यावर लागली. कोकण म्हटलं की सगळ्यांना माड आठवतात. पण विजयदुर्ग ते देवगड या पट्ट्यातला निम्मा प्रवास जांभ्या कातळाच्या उघड्या माळावरून होतो. जानेवारीत तिथलं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, मधेच चिऱ्याची चौकोनी खाण, आणि मग एकाएकी रस्ता वळतो नि खाली निळं पाणी. ते दिसलं की बायको "थांबा थांबा" म्हणायची, आणि भाऊ "पुढे ह्याच्यापेक्षा बरो हा" म्हणून गिअर बदलायचे. थांबले ते थेट जामसंड्याच्या अलीकडे, समुद्र अजिबात दिसत नव्हता अशा जागी. तिथे त्यांची स्वतःची कलमं होती.

हापूसच्या कलमांना मोहर आला होता. भाऊ एका कलमाखाली उभे राहिले आणि त्यांची चालच बदलली. किल्ल्यात ते सांगत होते, इथे बघत होते. एक मोहराचा तुरा त्यांनी दोन बोटांत धरला, नखाने हलकेच उलटा केला, आणि आतल्या मोहरीएवढ्या हिरव्या दाण्यांतले कुठले धरणार आणि कुठले गळणार हे दाखवलं. शंभरांतला एखादाच आंबा होतो. तुडतुडा कुठे बसतो, दव जास्त पडलं तर काय होतं, थंडी मधेच वाढली तर दुसरा मोहर येऊन पहिली फळं कशी गळतात. आवाज न चढवता सांगत होते. बापूंनीही एकदा हरकत घेतली नाही. आत्या म्हणाली, "यंदा भरपूर येऊ देत हो." भाऊंनी खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं. सिलिंडर, कपाटाचं दार आणि नणंदबाई तिथेच उतरल्या. जाताना नणंदबाईंनी आम्हाला घरी चहाला बोलावलं. खासगी सहलीत अर्धा तास असाही गेला.

सकाळपासून भाऊ माशांबद्दल बोलत होते, हे आधी सांगायला हवं. सुरमईची तुकडी कोणत्या बाजूने कापावी, बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं किती, तिसऱ्या कोणत्या खाडीच्या गोड, पेडवे भाजावेत की तळावेत. विजयदुर्ग ते देवगड आमच्या तोंडाला नुसतं पाणी सुटलेलं. कुणकेश्वरला समुद्राला लागूनच असलेल्या देवळात दर्शन झालं. वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, वाचलो तर देऊळ बांधीन असं तो बोलला आणि त्याने ते बांधलं, ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष शेजारच्या खानावळीच्या धुराकडे होतं. शेवटी एकदाचे आम्ही तिच्या बाकड्यावर बसलो. पानात आंबोळी आली, काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं, बटाट्याची भाजी, सोलकढी.

"आणि मासे?" मी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून गेलो होतो. "आज सोमवार मां?"

"आम्ही सोमवार पाळत नाही हो."

"मी पाळतंय," भाऊ म्हणाले. खानावळवाल्या बाईंनी आतून सांगितलं की सोमवारी त्यांच्या चुलीवर मासा चढत नाही. मग सकाळपासून हे काय चाललं होतं, असं बायकोने विचारलं. त्यावर भाऊंचं उत्तर मला अजून पटतं: खायचं नसलं की बोलूनच घ्यावं लागतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं मात्र असं होतं की बापूंनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि सुरमईचा विषय त्या दिवसापुरता बंद झाला.

आचऱ्याला पोचलो तेव्हा रामेश्वराचे गुरव जेवायला गेले होते. या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव, गुरंढोरं आणि कोंबड्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. आत्याला ही कल्पना फार आवडली. पुण्यात आमच्या सोसायटीला असा कौल झाला तर निघण्याआधी तीन सर्वसाधारण सभा होतील आणि कोंबड्यांच्या पार्किंगवर ठराव अडेल. भाऊ मात्र सभामंडपात हात जोडून उभे राहिले होते. गुरव नाहीत म्हणून गाऱ्हाणं अडत नाही, असं म्हणाले. "मी बोलतंय, तुम्ही नुसता व्हय म्हाराजा म्हणा."

"बा देवा रामेश्वरा! ही पुण्याची लेकरा तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. सुरुवातीला जरा लाजत.

"त्यांच्या वाटेत काय वाकडा-नाकडा असात, ता दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्यातल्या शिकलेल्या माणसांका राग येता, तो शांत कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बापूंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ओघात माणूस म्हणून जातो.

"आणि येत्या मोसमाक माझ्या कलमाचो आंबो ह्यांच्या घराक पोचां दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तोंडवळीहून तळाशीलला गेलो. एका बाजूला गड नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर रापण ओढायचं चाललं होतं. होडीने अर्धवर्तुळात टाकलेल्या मोठ्या जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन रांगा धरून ओढत होत्या. कमरेला दोर, टाचा वाळूत रुतलेल्या. मागचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरायचा. बापूंनी चपला काढल्या आणि पाण्याच्या काठी ठेवल्या.

"चपला वर ठेवा," भाऊ म्हणाले. "साडेचारक पाणी त्या ओंडक्याकडे येतला."

"तुम्हाला काय माहीत?"

"आज षष्ठी. तिथीक पाऊणान गुणायचा. सा पाऊण साडेचार. साडेचारक भरती भरता."

हेलियमचा अनुभव ताजा असल्याने बापूंनी चपला हलवल्या नाहीत. पण डोक्यात गणित सुरू झालं होतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पन्नास मिनिटं म्हणजे तासाचा पाऊण भागच की जवळजवळ! अमावस्या, पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, मग रोज पाऊण तास पुढे. "अहो, हे बरोबर आहे!" बापू ओरडले. ज्या माणसाला 1868 आणि 1898मधली तीस वर्षं खिजगणतीत नव्हती, तोच आजचं पाणी घड्याळ न बघता सांगत होता. बापू वाळूवर बोटाने सूत्र मांडत राहिले. लाटेने आधी सूत्र नेलं, मग चपला. रापणीच्या शेवटच्या ओढीला तारल्या, मांदेली आणि बांगडे चांदीसारखे उसळत वर आले, त्यांच्यात एक चप्पलही होती. ती एका पोराने काढून दिली. दुसरी समुद्राच्या वाट्याला गेली.

मालवणच्या जेट्टीवर पोचेपर्यंत शेवटची होडी सुटून गेली होती. समोर सिंधुदुर्ग, कुरटे बेटावर, वाकड्यातिकड्या तटाचा. भाऊ जराही बिथरले नाहीत. त्यांनी जेट्टीवर उभं राहून बोटाने किल्ला दाखवायला घेतला. 25 नोव्हेंबर 1664ला पायाभरणी, ही इथे मोरयाच्या धोंड्यावर पूजा. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. तो दिसत नाही तोच दरवाजा, जवळ गेल्याशिवाय कोणालाच दिसत नाही. तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, आतली मूर्ती नावाड्याच्या टोपातली. एक पाय चपलेत आणि एक उघडा अशा बापूंनी तिन्ही बावींतलं अंतर विचारलं. भाऊंनी तेही पावलांत सांगितलं. आत्याने तिथूनच शिवराजेश्वराला नमस्कार केला.

मग भाऊंनी डायरी काढून हिशेब दिला. थांबण्याचे जादा पैसे लावले नव्हते. होडीचं तिकीट वाचलं, हेही त्यांनी आवर्जून लक्षात आणून दिलं. शेवटी एक ओळ होती: हापूस, दोन पेट्या, आगाऊ.

"आम्ही आंबे कधी मागवले?" बापूंनी विचारलं.

"रामेश्वराच्या पुढ्यात. चौघांनी पण व्हय म्हाराजा म्हटल्यात."

आत्याने तोवर पर्स उघडली होती. बापू बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"पेटी चार डझनाची की पाच?"

"ता काय आपण देवाक सांगूक नाय," भाऊ म्हणाले.